मदत हवी आहे: 'निवडुंग'ला यमक सुचेना

चाल मित्राने बांधून दिलीय, शब्द माझ्याकडे आहेत. गाणं आमच्या बांधावरच्या फड्या निवडुंगावर आहे. लहानपणी त्याची लाल बोंडं काठीने पाडायची, बारीक कुसं निघावीत म्हणून मातीत घोळवायची आणि खाऊन झाल्यावर एकमेकींना जिभा दाखवायच्या, हा आमचा उद्योग. त्यामुळे 'निवडुंग काढ, गुलाब घाल' असं कृपया सांगू नका. ते घरच्यांनी सांगून झालंय.

ध्रुवपद 'निवडुंग'वर संपतं आणि तिथेच गाडी अडलीय. आतापर्यंत हाती लागलेले: सुरुंग, तुरुंग, उत्तुंग, गुंग. तुरुंग घेतला की गाणं कैद्याचं होतं. सुरुंग घेतला की विहीर खणायला काढल्यासारखी वाटते. उत्तुंग म्हणजे थेट शाळेतलं स्वागतगीत. गुंग त्यातल्या त्यात बरा, पण तो पहिल्याच कडव्यात खर्ची पडला. रंग, संग चालवून घेतले तर कानाला खटकतील का?

प्रतिसाद १
खटकतील. नुसतं शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो. 'डुंग'मधला उकार 'रंग'मध्ये कुठाय? मृदुंग घेऊन बघा. शुद्धलेखनवाले 'मृदंग' म्हणा म्हणतील, म्हणू देत. नाहीतर शब्द आत ढकला. 'निवडुंग फुलला' केलंत की झुलला, डुलला, भुलला असे ढीगभर मिळतात. फार गुळगुळीत होतं, ही गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २
ताई, यमक शोधताय कशाला? मोठ्या अभंगाचा साचा घ्या. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, चौथा मोकळा. तुकोबांचं 'सुंदर ते ध्यान' आठवा: 'विटेवरी'ला 'कटावरी' जुळलं, 'ठेवोनिया' एकटंच उभं. आता बोटांवर मोजा: नि, व, डुं, ग. बरोब्बर चार! मी हे असं करून पाहिलं:

बांधावर बाई
पेटला उन्हाळा
तो लेकुरवाळा
निवडुंग

बोंडं कशी अंगाखांद्यावर बसलेली असतात, त्यावरून 'लेकुरवाळा' सुचलं. आवडलं तर ठेवा, नाहीतर तुमचं लिहा. पण त्याला शेवटच्या चरणातून हलवू नका.

धागाकर्ती
'लेकुरवाळा' वाचून मी जागेवरून उठलेच. ठेवतेय, हक्काने! प्रतिसाद १, मृदुंगही वाया जाणार नाही, दुसऱ्या कडव्यात बसतोय.

चाल मात्र बदलावी लागली. मूळ चालीत चारही ओळी सारख्या लांबीच्या होत्या, आता चौथी आखूड पडते. मित्र आधी कुरकुरला. मग फोनवरच दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाला, "राहू दे आखूड. 'निवडुंग'नंतरच्या रिकाम्या जागेत मी टाळ वाजवतो."