जुन्या कंबरदुखीने तोल जातो का?

धरमपेठकर: आईची कंबर खूप वर्षांपासून दुखते, वय ६२, पण आता नवीनच सुरू झालंय, तोंडाला साबण लावताना डोळे मिटले की तोल जातो अन् रात्री अंधारात भिंत धरून चालते. कंबरेमुळेच होत असेल का? लय काळजी वाटून राह्यली.

फिजिओताई: होऊ शकतं. शरीर कसं उभं आहे याची खबर मणक्याजवळच्या खोल स्नायूंतून मेंदूला जात असते, जुन्या दुखण्यात ती नीट पोचत नाही मग माणूस डोळ्यांवर अन् घोट्यांवर जास्त विसंबतो, म्हणून डोळे मिटले की डोलतो. पण सगळं कंबरेवर ढकलू नका, शुगर, बी१२, कान, बीपीच्या गोळ्या हेही बघा.

महालवाला: आधी बाथरूममध्ये हँडल लावा भाऊ! सरकारी मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी ओपीडीत दाखवा, आमच्या बाबांना ओटा धरून एका पायावर उभं राहायला शिकवलं, बाजूला कोणीतरी पाहिजेच.

फिजिओताई: पाऊल लुळं पडलं, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर लगेच इमर्जन्सीत न्या, सकाळची वाट पाहू नका.

धरमपेठकर: तसं काही नाही, पण शुगर आहे अन् तळपाय बधिर वाटतात म्हणते. उद्याच नेतो.