खुनापेक्षा खुनानंतरचं नाटक

वर एकाने लिहिलंय की ऐतिहासिक हत्येवरच्या नाटकात खून स्टेजवरच दिसला पाहिजे, नायतर मजा काय. मला अजिबात पटत नाही. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' घ्या (१९०९ चं, पेशवा नारायणरावाच्या खुनावरचं), त्यात खरी ताकद न्यायाधीश रामशास्त्री सत्तेवर बसलेल्या त्याच्या काकाला, राघोबाला, तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सुनावतात त्यात आहे, नारायणरावाच्या किंकाळीत नाही.

आणि राघोबाच्या बायकोला, आनंदीबाईला, व्हिलन करणं सोपं पडतं हो, दुर्गा खोट्यांसारखी नटी असली की पब्लिक खूशच, पण राघोबाच्या पत्रात 'धरावे'चं 'मारावे' असा फेरफार तिने केला याला ठोस पुरावा नाही. गारद्यांचा (वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांचा) थकलेला पगार, नजरकैदेतला काका, गादीवर १८ वर्षांचा पोरगा, एवढा दारूगोळा वाड्यात आधीच भरलेला होता की!

आपल्या मुंबईकरांसाठी तर याचा पुढचा अंकच भारी आहे, कारण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला, मग बारभाईंनी (राघोबाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी) राघोबाला हाकललं, तो मदतीसाठी इंग्रजांच्या दारात, आणि त्या गडबडीत १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली ती कायमचीच. म्हणजे बांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत सगळं. गिरगावात साहित्य संघात कुणी हे नाटक परत लावलं तर निदान हा धागा तरी आणा राव, उपनगरवाले लोकलने खास येतील बघायला.