एआयने बनवलेला नग्न फोटो, पोलीस म्हणतात अब्रूनुकसानीचा दावा करा. नक्की कोणतं कलम लागतं?

माझ्या मावसबहिणीचा इन्स्टावरचा साधा साडीतला फोटो घेऊन कुणीतरी एआयने कपडे काढलेला फोटो बनवला आणि कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. चौकीत गेलो तर म्हणे फोटो खोटाच आहे ना, मग अब्रूनुकसानीचा दावा करा. मावशी म्हणतेय गप्प बसा, नाव बाहेर येईल. पोरीने कॉलेजला जाणंच बंद केलंय. खरंच कायदा नाहीये का याला?

वकिलीण_विदर्भ: दादा, कायदा आहे, फक्त डीपफेक नावाचं वेगळं कलम नाही. अब्रूनुकसानी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणून तिकडे ढकलतात, त्यांना काही करावं लागत नाही. तुम्ही आयटी अ‍ॅक्टचं कलम ६७ (ऑनलाइन अश्लील मजकूर पसरवणं) मागा, ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एफआयआर घ्यावाच लागतो. फोटोत लैंगिक कृती दिसत असेल तर ६७ए, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, शिवाय अजामीनपात्र. नुसत्या ६६ई वर (संमतीशिवाय खासगी अवयवांचा फोटो काढणं, पसरवणं) थांबू नका, तिथे समोरचा वकील 'शरीर तिचं नाहीच' म्हणून वाद घालतो, ६७ मध्ये शरीर कुणाचं हा प्रश्नच येत नाही. तरी घेत नसतील तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) १७३(४) खाली एसपींना, शहरात असाल तर डीसीपींना लेखी पाठवा, पोस्टाने पाठवलं तरी चालतं.

सागर_नाशिक: आधी पुरावा!! घाबरून ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ मेसेज ज्या फोनवर आलाय तो फोन तसाच ठेवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं, मावशींना हे सांगा. फोटो इन्स्टा फेसबुकवर गेला असेल तर तिने स्वतः रिपोर्ट करावा, २०२१ च्या आयटी नियमांत मॉर्फ केलेल्या फोटोचा स्पष्ट उल्लेख आहे, आधी कंपनीला २४ तास मिळायचे, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर २ तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. स्टॉप एनसीआयआय (असे फोटो पसरण्यापासून थांबवणारी वेबसाइट) पण बघा, फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा कोड बनतो आणि तो कोड कंपन्यांकडे जातो.

मीरा_पुणे: मला राग याचा येतो की आपल्याकडे सगळं 'प्रसारित केलं' यावर अडलंय, नुसता बनवून स्वतःच्या फोनमध्ये ठेवला तर पकडायला धड कलम नाही. दक्षिण कोरियात २०२४ पासून असले फोटो जवळ ठेवणं, बघणंसुद्धा गुन्हा आहे. आपल्याकडेही बनवणाऱ्यालाच धरायला हवं, कारण पोरीचं आयुष्य तिथूनच नासायला लागतं.

मूळ प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. मावशीला पोर्टलचं वाचून दाखवलं, उद्या लेखी अर्ज घेऊन परत चौकीत जातोय, यावेळी ती पण येतेय.

वकिलीण_विदर्भ: अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या, आणि तपास पीआय किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, ते पण अर्जात लिहा.