सध्या कोणती गोष्ट खेळताय?

गोष्टीचे गेम खेळणाऱ्या सगळ्यांना बोलावणं आहे. सध्या काय खेळताय, कुठवर पोचलात ते सांगा. आणि त्यातला एक क्षण सांगा, जो तुम्ही स्वतःच्या हातांनी केलात आणि आता डोक्यातून जात नाही. ग्राफिक्स कार्ड कोणतं, सेलमध्ये कितीला मिळाला, यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे गोष्टीबद्दल बोलू. कथेचा उलगडा करणार असाल तर आधी सांगा.

सुरुवात मी करते. 'रेड डेड रिडेम्प्शन २' आला २०१८ मध्ये, मी हातात घेतला या पावसाळ्यात. (ज्यांना खेळायचाय त्यांनी माझं सोडून पुढचं वाचा, मधली मोठी गोष्ट फुटणार आहे.) साल १८९९, अमेरिकेतली दरोडेखोरांची टोळी, आणि आपण आर्थर मॉर्गन. टोळीतला स्ट्रॉस अडल्यानडल्यांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. सुरुवातीलाच थॉमस डाउन्स नावाच्या शेतकऱ्याकडे जायचं असतं. माणूस आधीच खोकतोय. त्याला कुंपणाला रेटून मारायचं. बटण मी दाबलं. तीनदा-चारदा दाबलं, कारण काम पुढे सरकायला हवं होतं. तो खोकला, आर्थरच्या तोंडावर रक्त उडालं, आणि मी घोड्यावर बसून निघून आले. कितीतरी तास खेळून झाल्यावर आर्थर सेंट डेनिसच्या भर रस्त्यात खोकत कोसळतो. डॉक्टर सांगतात, क्षय. तो त्या कुंपणाजवळचा.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. साठच्या दशकात त्यांना क्षय झाला. त्यांचं ताट, वाटी, पेला सगळं वेगळं, पेल्याच्या बुडाला खुणेसाठी लाल रंगाचा ठिपका, असं आजी सांगायची. ते बरे झाले, कारण तोवर स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं. त्याचा शोध १९४३चा. आर्थरच्या काळी जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून १७ वर्षं झाली होती, औषध मात्र अजून ४४ वर्षं लांब होतं. डॉक्टर त्याला आराम कर, उबदार कोरड्या हवेच्या ठिकाणी जा, एवढंच सांगू शकतात. त्यानंतर चेहरा ओढत जातो, डोळ्यांखाली काळं येतं, आणि कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. मी तरी रोज खाऊ घालते.

आठ दिवस झाले, आर्थर त्या डॉक्टरांच्या दारासमोर उभा आहे. मला पुढे नेववत नाही.

* * *

ताई, मी दोनदा पूर्ण केलाय. पुढचं काही सांगत नाही, फक्त एक करा. सेंट डेनिसमध्ये ब्रदर डॉर्किन्स आणि सिस्टर कॅल्डेरॉन भेटतील, त्यांची छोटी छोटी कामं टाळू नका. मुख्य कथा पळवायच्या घाईत मी पहिल्यांदा टाळली होती, आणि एक प्रसंग हुकला. दुसऱ्यांदा तो बघितला तेव्हा कळलं काय हुकलं होतं.

* * *

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, नऊ वर्षं काढली. शीट उचल, डायवर ठेव, हात बाहेर, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाब, ठोका पडला की पीस काढ, ट्रॉलीत टाक. एका शिफ्टला हजाराच्या वर पीस. दोन बटणं अशासाठी, की ठोका पडताना एकही हात आत राहू नये. पहिल्या महिन्यात हात दुखतात. मग दुखणं थांबतं आणि हात आपले आपण चालायला लागतात. तेव्हा डोकं मोकळं होतं. त्या मोकळ्या डोक्याचं काय करायचं हे कोणी शिकवत नाही.

'व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच' हा २०१७चा गेम मला पुतण्याने दिला. दोन-अडीच तासांचा आहे. इडिथ आपल्या जुन्या घरी परत येते आणि एकेका खोलीत, गेलेल्या एकेका माणसाची शेवटची गोष्ट आपण खेळतो. त्यात लुईस नावाचा मुलगा माशांच्या कारखान्यात कामाला असतो. कंट्रोलरच्या उजव्या काडीने मासा ओढायचा, पात्याखाली मुंडकं उडवायचं, धड पट्ट्यावर टाकायचं. ओढ, काप, टाक. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या मनातलं एक छोटं नगर उगवतं, आणि डाव्या काडीने तिथे चालायचं. हळूहळू ते नगर मोठं होतं, रंगीत होतं, राजवाडे येतात, सगळा पडदा व्यापतं. आणि उजवा हात तसाच चाललेला. ओढ, काप, टाक. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की गेली पाच मिनिटं मी माशांकडे बघितलेलंच नाही, तरी एकही मासा चुकला नव्हता.

मी कंट्रोलर खाली ठेवला. बायकोने विचारलं काय झालं, तर तिला म्हटलं, बस, तुला माझी शिफ्ट दाखवतो. नऊ वर्षांत मला ते तिला सांगता आलं नव्हतं. तिने स्वतः खेळून बघितलं. खेळून झाल्यावर बराच वेळ तिने माझा उजवा हात धरून ठेवला.

लुईसचं पुढे काय होतं ते लिहीत नाही. ज्यांच्या घरात कोणी मनाने खचलेलं आहे, त्यांनी तो भाग एकट्याने खेळू नये, एवढं मात्र कळकळीने सांगतो.

* * *

दादा, तुमचं वाचून आज ऑफिसमध्ये बराच वेळ नुसती बसून होते.

मी सध्या 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' खेळतेय, २०२५चा, फ्रान्समधल्या माँपेलियेच्या स्टुडिओचा. ल्युमिएर नावाच्या शहरातून समुद्रापार एक प्रचंड शिळा दिसते. वर्षातून एकदा पेंट्रेस नावाची चित्रकर्ती उठते, शिळेवर एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं पाकळ्या होऊन उडून जातात. दरवर्षी आकडा एकाने कमी. गोष्ट सुरू होते तेव्हा ती ३३ रंगवते. गुस्ताव ३२चा आहे, सोफी ३३ची. त्याला मूल हवं होतं, तिला नको होतं, अशा जगात कशाला आणायचं म्हणून. दोघं वेगळे झालेले. आता शेवटच्या दिवशी तो तिच्यासाठी फूल घेऊन येतो आणि दोघं बंदरापर्यंत चालत जातात. त्या चालण्यात आपल्याला काहीच करायचं नसतं, फक्त काडी पुढे धरायची. मी ती अर्धीच ढकलत होते, म्हणजे हळू चालतील.

माझं वय ३३ आहे, आणि घरी गेले दोन वर्षं हाच विषय चालू आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

* * *

कॅनडातून, टोरोंटोजवळून. 'वेनबा'. २०२३चा, इथल्याच एका स्टुडिओचा, जेमतेम दीड तासाचा. ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून इथे आलेलं जोडपं, वेनबा आणि पावलन, आणि त्यांचा मुलगा कवीन. खेळ म्हणजे स्वयंपाक. वेनबाकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलीत, शाई पसरलीये. इडलीच्या ताटल्या एकावर एक कशा लावायच्या ते पुसलंय, मग आपण डोकं लावून, आठवून, करायचं. चुकलं तर पुन्हा. कोणी रागावत नाही, गुण जात नाहीत.

मी तमिळ नाही, पण ती वही माझ्याकडे आहे. आईने लग्नात दिलेली, दोनशे पानी, कव्हरवर तेलाचा डाग. त्यात माप म्हणून 'बेताचं', 'हाताला लागेल इतपत', 'चपटी वाटी' असे शब्द. पुरणाच्या पानावर एवढंच लिहिलंय: डाव उभा राहिला की उतरवावं. माझी मुलगी चौदा वर्षांची, तिने विचारलं, आई, डाव म्हणजे गेम ना? मी डाव काढून दाखवला. मग पुरण शिजवलं. पहिल्यांदा डाव कलंडला, पाच मिनिटांनी पुन्हा रोवला, पुन्हा हळूच आडवा झाला. तिसऱ्या वेळी उभा राहिला. ती टाळ्या वाजवत होती.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. एका भागात कवीन मोठा झालेला आहे. स्वयंपाकघरात एकटा उभा, समोर आजीची वही, आणि तमिळ अक्षरं त्याला धड लागत नाहीत. तोवर आपण आई होऊन खेळत असतो, आणि एकदम मुलगा होऊन खेळायला लागतो. मुलगी शाळेत मराठी डबा नको म्हणायची, घरी मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, तेव्हा मी खूप चिडायचे. तिच्या बाजूने ते कसं दिसत असेल हे मला या गेमने उभं केलं. कवीनला आईचं सगळं हवंय, पण वाचता येत नाहीये. आता आम्ही दोघी रविवारी वहीचं एक पान घेतो. मी वाचायचं, तिने देवनागरीत नव्याने उतरवायचं. नऊ पानं झाली.

* * *

इथे वयाने मीच मोठा असेन. एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नातवाने 'पेपर्स, प्लीज' लावून दिला, म्हणाला, आजोबा, यात तुमचंच काम आहे.

२०१३चा गेम, लुकास पोप या एकाच माणसाने केलेला. आर्स्टोट्झका नावाचा कल्पित देश, साल १९८२, आणि आपण सीमेवरच्या खिडकीत. पासपोर्ट घ्यायचा, तारीख बघायची, फोटो ताडायचा, शिक्का ओढायचा, हिरवा की लाल. माणसामागे ५ क्रेडिट. रात्री हिशेब: भाडं, जेवण, घराची ऊब. दिवसात दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून पैसे कापतात. पैसे पुरले नाहीत तर घरात कोणीतरी आजारी.

सुरुवातीच्या दिवसांतच एक जोडपं येतं. नवऱ्याची कागदपत्रं चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती पुढे येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

शिक्का माझ्या हातात होता. नातू बाजूला बसून काही न बोलता बघत होता. मला १९९१-९२ सालच्या एक बाई आठवल्या. नवरा वारलेला, अनुदानाचा अर्ज, आणि एका दाखल्यावर नावात काना कमी. मी कागद परत केला. नियमाने ते बरोबरच होतं. दुरुस्ती करून आणा म्हटलं. त्या म्हणाल्या, साहेब, गाडी दिवसातनं एकच हाय. त्या परत आल्या नाहीत. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. खिडकीच्या लाकडावर ठेवलेला हात आठवतो, हिरव्या काचेच्या दोन बांगड्या.

खेळात मी त्या बाईला हिरवा शिक्का दिला. ताकिदीचा कागद खरखरत बाहेर आला. नातवाने विचारलं, आजोबा, मुद्दाम केलंत ना? हो म्हटलं. मग त्याला ती गोष्ट सांगितली. ती मी घरात आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

* * *

आजोबा, नमस्कार तुम्हाला.

माझं छोटंसं. मी पुण्याची, बारावीत. 'राजी' खेळतेय, २०२०चा, आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. असुर राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला शोधत निघते. राजस्थानी किल्ले-महाल आहेत, जुनी कथा आली की छायाबाहुल्यांनी सांगतात, आणि आपण लढत असताना वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल बोलत असतात. मारामारी काही ठिकाणी अडखळते आणि शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो, हे खरंय. पण मंडपाच्या खांबावर चढताना मला पहिल्यांदा वाटलं की ही जागा मला माहितीये. लहान भाऊ मांडीवर येऊन बसतो आणि दर वेळी विचारतो, गोलू सापडला?

* * *

ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी: 'टू द मून', २०११. माझ्या ४ जीबीच्या मशिनवर अगदी आरामात चालतो. मरणाच्या दारातल्या जॉनीला चंद्रावर जायचंय, पण का ते त्यालाही ठाऊक नाही, आणि दोन डॉक्टर त्याच्या आठवणींत उलट्या दिशेने शिरतात. घरभर कागदाचे ससे का आहेत हे कळतं तेव्हा रुमाल जवळ ठेवा.

* * *

मी धागा काढला ती. सगळं वाचलं, काही दोनदा.

काल रात्री आर्थरला हलवलं. ज्यांनी सिस्टर कॅल्डेरॉनचं सांगितलंत त्यांचे आभार मानायला आलेय. कामं केली. काल तो प्रसंग आला. (उलगडा आहे.) रेल्वे स्टेशन, सिस्टर गाडीची वाट बघतायत, आर्थर शेजारी बसतो. आयुष्यभर कोणालाही न घाबरलेला तो माणूस त्यांना सांगतो की मला भीती वाटते.

पहाटे आईला फोन केला. आजोबा कधी असं बोलले होते का, विचारलं. आई म्हणाली, बोलले नाहीत, पण शिवडीच्या रुग्णालयातून घरी आले त्या दिवशी त्यांनी तो लाल ठिपक्याचा पेला मागून घेतला, नखाने रंग खरवडत दुपारभर दारात बसले, आणि संध्याकाळी आजीला म्हणाले, आता चहा यातच दे, पण सगळ्यांबरोबर.