एमएसडब्ल्यू प्लेसमेंट: शून्य ते पाच वयोगट
एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करताना स्थलांतरित कुटुंबांतल्या लहानग्यांसोबत प्लेसमेंट (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम) घ्यायची तर तयारी काय, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आधी ‘सीपीटी’चा घोळ. संस्थेत सीपीटी म्हणजे मानसिक आघातावरची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी; आई-मूल जोडीला एकत्र बसवून दिली जाणारी चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी ती सीपीपी. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात सीपीटी म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी (करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग). ही परवानगी आय-२० वर (विद्यापीठ देतं त्या व्हिसाच्या कागदावर) छापून येण्याआधी कामाचा एक तासही भरू नका. आठवड्याला २० तासांपर्यंत ती अर्धवेळ धरतात. पूर्णवेळ १२ महिने झाली की त्या पदवी-पातळीवरची ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची, बहुधा पदवीनंतर वापरायची परवानगी) गेली!

एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास लागतात. आठवड्याला १६ तास, २८ आठवडे, दोन वर्षं केलं तरी ८९६ होतात, म्हणजे सुट्ट्या, आजारपण धरून दोन-तीन आठवडे जास्तीचे ठेवाच.

खरी गडबड मुलाच्या विकासाच्या चाळणीच्या (स्क्रीनिंगच्या) प्रश्नावलीत होते. ‘मूल स्वतः जेवतं का?’ला आई ‘नाही’ म्हणते आणि इंटर्न गुण कापून मोकळा. अहो, आजी अजून घास भरवतेय, मुलाला चमचा मिळालाच नाही! आधी ‘संधी मिळते का’ विचारा, आठवडाभर चमचा द्यायला सांगा, मग गुण द्या.

दुभाषी म्हणून थोरल्या भावंडाला कधीही बसवू नका. घरातली मारहाण आई त्याच्या तोंडून सांगणार नाही. कुटुंबाच्या व्हिसाची स्थिती सेवेसाठी लागत नसेल तर नोंदीत लिहू नका.

मुलाखतीत एकच विचारा: रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजन (कामाबद्दल आणि त्यातून मनात उठणाऱ्या भावनांबद्दल वरिष्ठांशी बोलणं) दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होतं का? ‘लागेल तसं’ असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा.