एनएफएचएस-५: रक्तदाबाच्या मॉडेलमध्ये तंबाखू 'संरक्षक' दिसतेय, कुठे चुकतंय?

पीएसएम_विद्यार्थिनी:
नमस्कार. प्रबंधासाठी एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१) चा महाराष्ट्राचा डेटा घेतलाय, वय १५ आणि पुढे. वरचा रक्तदाब १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त, तर 'हो'. त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही निकालाशी कोणत्या घटकाचा किती संबंध ते काढणारं मॉडेल): वय, लिंग, शहर-खेडं, शिक्षण, संपत्ती निर्देशांक, तंबाखू, दारू, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन). बीएमआय घातला की नमुना एकदम आटतो. तंबाखूचा ऑड्स रेशो (दोन गटांतल्या 'आजार आहे : नाही' या गुणोत्तरांची तुलना) १ च्या खाली येतो, म्हणजे तंबाखूवाल्यांत आजार कमी दिसतो. 'बीपीची गोळी चालू' घातलं तर तोच सगळ्यात मोठा धोका-घटक ठरतो! गाईड म्हणतात स्टेपवाइज (घटक एकेक करून आपोआप निवडणं-गाळणं) लाव आणि ०.०५ च्या वरचे पी (संबंध नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) असलेले घटक काढून टाक. पटत नाहीये.

भारित_सरासरी:
आधी गोळीचं बघू. गोळी हा आजार असल्याचा पुरावा आहे, कारण नव्हे. ती मॉडेलच्या उजव्या बाजूला, म्हणजे कारणांच्या यादीत नको, व्याख्येत हवी: १४०/९० किंवा गोळी चालू. आत्ता गोळीमुळे १२८/८२ वर आलेला माणूस तुमच्याकडे निरोगी गटात बसलाय. असे लोक बहुतेक वयस्क, वजनदार, दवाखान्यापर्यंत पोचणारे असतात. म्हणून वय आणि वजनाचा परिणाम खोटा कमी दिसतो.

मग मॉडेलच्या आधी एक तपासणी. देशपातळीवरचे आकडे महिला २१.३ टक्के, पुरुष २४.० टक्के, हे गोळीवाल्यांना धरून आहेत. त्याच व्याख्येने महाराष्ट्राचे काढा आणि राज्याच्या फॅक्टशीटशी (पाहणीच्या छापील आकड्यांशी) ताडा. जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा दोन ठिकाणी घोळ असतो. एक, रक्तदाबाच्या रकान्यातले ९९० च्या वरचे आकडे: ते 'घरी नव्हते', 'नकार दिला' अशांचे कोड आहेत. तसेच राहिले तर नकार देणारा प्रत्येक जण १४० च्या वर जाऊन रुग्ण ठरतो. दोन, भार (प्रत्येक नोंद किती वजनाने धरायची तो आकडा): फाइलमधला आकडा दहा लाखांनी भागायचा असतो. तीन मोजण्यांपैकी पहिली सोडून पुढच्या दोघींची सरासरी घ्या. पहिली बहुधा जास्त येते.

बीएमआयचं सोपं आहे. रक्तदाब १५ च्या पुढे सगळ्यांचा मोजलाय, पण उंची-वजन महिलांचं ४९ पर्यंत आणि पुरुषांचं ५४ पर्यंतच. सॉफ्टवेअर रिकाम्या नोंदी गुपचूप गाळतं, म्हणजे ज्यांच्यात आजार जास्त तेच गेले. इंप्युटेशनने (अंदाजी आकड्यांनी) भरू नका, त्या वयाची माहितीच नाही. बीएमआयशिवाय सर्व वयांचं एक विश्लेषण, बीएमआयसह तरुण गटाचं दुसरं, आणि दोन्हींची तुलना टाळा.

कारण_की:
तंबाखूबद्दल. ओढणं आणि खाणं आधी वेगळं करा. मिश्री लावणारी खेड्यातली बाई आणि सिगारेट ओढणारा शहरी पुरुष एकाच रकान्यात कसे बसतील? तंबाखू वापरणारे सरासरीने बारीक आणि गरीब असतात, दोन्ही गोष्टी आकडा खाली ओढतात. शिवाय निदान झाल्यावर डॉक्टर सोडायला सांगतात, म्हणजे आजारी माणूस 'वापरत नाही' गटात सरकतो. एकाच वेळच्या पाहणीत हा उलटा प्रवाह निस्तरता येत नाही, तो प्रबंधात स्पष्ट लिहा. मोजण्याआधीच्या ३० मिनिटांत खाणं, चहा-कॉफी, धूम्रपान झालं का हेही विचारलेलं आहे; ते वापरा, निकोटीनने रक्तदाब तेवढ्यापुरता चढतो.

स्टेपवाइज अजिबात नको. पी बघून घटक निवडले की उरलेल्यांचे विश्वासांतर (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा ते) खोटे अरुंद होतात, आणि खरा गोंधळकारक घटक (कारण आणि परिणाम दोन्हींवर असर करणारा) बाहेर फेकला जाऊ शकतो. कागदावर बाण काढा: काय कशामुळे. प्रत्येक प्रश्नासाठी वेगळं मॉडेल. शिक्षणाचा एकूण परिणाम हवा असेल तर बीएमआय घालू नका, तो वाटेवरचा टप्पा आहे. आणि तंबाखूच्या मॉडेलमधला शिक्षणाचा आकडा 'शिक्षणाचा परिणाम' म्हणून वाचू नका, परीक्षक तिथेच पकडतात. वय दहा-दहा वर्षांच्या गटांत न तोडता स्प्लाइनने (सलग वाकणाऱ्या रेषेने) घ्या.

भारित_सरासरी:
ऑड्स रेशोही सोडा. एका गटात २० टक्के, दुसऱ्यात ४० टक्के असतील तर प्रमाण दुप्पट. ऑड्स रेशो मात्र २.६७ येतो आणि वाचणारा 'पावणेतीनपट धोका' म्हणतो. थेट प्रमाणांचं गुणोत्तर देणारं लॉग-बायनोमियल मॉडेल पुष्कळदा कन्व्हर्जच होत नाही, म्हणजे उत्तरावर स्थिरावत नाही. पॉयसन मॉडेल (तेही प्रमाणांचं गुणोत्तर देतं), रोबस्ट स्टँडर्ड एररसह (अनिश्चिततेचं, मॉडेलचं गृहीतक चुकलं तरी टिकणारं माप), हा भरवशाचा मार्ग. आर या सॉफ्टवेअरमधल्या सर्व्हे पॅकेजमध्ये क्वासीपॉयसन फॅमिली दिली की काम होतं. डिझाइनमध्ये (नमुना कसा निवडला ते सांगताना) भार, पीएसयू (नमुन्यात निवडलेलं गाव किंवा शहरी वस्ती) आणि स्तर (निवडीआधी पाडलेले गट) तिन्ही द्या. एका गावचे लोक एकमेकांसारखे असतात. ते धरलं नाही तर पी खोटे लहान येतात.

पीएसएम_विद्यार्थिनी:
धन्यवाद! फक्त ३० वर्षांवरच्या महिला हव्या असतील तर आधीच बाकीच्या नोंदी काढून टाकू का?

भारित_सरासरी:
नको. आधी पूर्ण डेटावर डिझाइन बांधा, मग त्यातून उपगट घ्या. आधी काढल्या तर काही पीएसयू पूर्णच रिकामे होतात, एखाद्या स्तरात एकच पीएसयू उरतो आणि स्टँडर्ड एरर चुकतो किंवा प्रोग्राम अडतो. राज्य मात्र आधी वेगळं केलं तरी चालतं, कारण इथले स्तर राज्याची हद्द ओलांडत नाहीत.