ताईचं व्हिटॅमिन डी ११ आलंय. अंडाशयाच्या कॅन्सरशी त्याचा खरंच संबंध आहे का?

मंडळी, मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते.

ताईला (वय ५४) अंडाशयाचा कॅन्सर आहे, हाय-ग्रेड सीरस (झपाट्याने वाढणारा) प्रकार, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलच्या सहापैकी तीन केमो झाल्या. परवाच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी ११ आलं. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी हाडांसाठी म्हणून गोळी लिहून दिली. विषय तिथेच संपला असता, पण ताईने फाईल मिटली आणि मला विचारलं, "मी रोज जरा उन्हात बसले असते तर हे झालंच नसतं का गं?" मला बोलताच आलं नाही. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय.

समजलं ते असं, चुकत असेल तर सांगा. रक्तात मोजतात ते डीचं साठ्यातलं रूप. त्याचं मुख्यतः मूत्रपिंडात कॅल्सिट्रिऑल होतं, ते पेशीतल्या व्हीडीआर या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आणि मग ही जोडी आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला सोबत घेऊन डीएनएवर बसते, काही जनुकं चालू करते, काही बंद. अंडाशयाच्या कॅन्सरपेशींतही व्हीडीआर सापडतो. प्रयोगशाळेत अशा पेशींना कॅल्सिट्रिऑल दिलं की त्यांची वाढ मंदावते. हे वाचलं त्या रात्री मला फार आशा वाटली होती. पण पेशीकडे कॅल्सिट्रिऑल मोडून टाकणारं एन्झाइमही असतं (सीवायपी२४ए१), आणि काही ट्यूमरमध्ये तेच वाढलेलं असतं. म्हणजे बाहेरून कितीही डी दिलं तरी आत किती टिकणार?

माणसांवरच्या अभ्यासांनी तर गोंधळ वाढवला. २०१६च्या एका अभ्यासात, ज्या बायकांचं डी जनुकांमुळेच कमी राहण्याकडे कल असतो त्यांना या कॅन्सरचा धोका काहीसा जास्त दिसला. उलट २०१८ साली आलेल्या व्हायटल चाचणीत २५ हजारांहून जास्त लोकांना रोज २००० युनिट डी किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली, पाचेक वर्षं पाहिलं, तर कॅन्सर होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. अर्थात तो हिशेब सगळ्या कॅन्सरचा मिळून होता.

आणि ताईचं ११ मोजलं कधी? पोटात पाणी भरलं, जेवण तुटलं, कित्येक आठवडे खोलीबाहेर पडली नाही, त्यानंतर. हा आकडा आजाराआधीचा की आजारानेच आलेला, हे आता कसं कळणार? मला तर आजारानेच आला असेल हे जास्त पटतं, पण मी डॉक्टर नाही.

घरात एकजण "डी कॅन्सर मारतं" म्हणून भरमसाट डोसचा आग्रह धरून बसलेत. मी ठाम नाही म्हटलंय. जास्त डीने रक्तातलं कॅल्शियम वाढलं तर मळमळ, बद्धकोष्ठता, गळून जाणं, आणि हे सगळं ताईला केमोने होतंच आहे. वाढलेलं कॅल्शियम त्यात लक्षात तरी येईल का? केमो चालू असताना डी घेतलेल्यांचं कॅल्शियम किती दिवसांनी तपासत होते, अनुभव असेल तर लिहा. ट्यूमरमधला व्हीडीआर तपासून कोणाच्या उपचारात काही बदललं का, हेही.

सगळ्यात आधी मात्र ताईच्या प्रश्नाचं उत्तर हवंय. खोटा दिलासा तिला लगेच कळतो. इथे कोणी ऑन्कॉलॉजीत काम करणारं असेल तर, तुम्ही तिला काय सांगितलं असतं? गुरुवारी चौथी केमो आहे, ती परत विचारणार.